हळदीचा काटा आणि नऊ पिनांचा पोर्ट

काट्यावर ५२.४० दिसत होतं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर नुसतं गबाळ: चौकोन, प्रश्नचिन्हं, कसली तरी वेलबुट्टी. सांगलीच्या मार्केट यार्डात, ऐन हळदीच्या हंगामात, ओळखीच्या एका अडत दुकानात मला त्यासाठीच बोलावलं होतं. आदल्या दिवशी जुना कॉम्प्युटर बदलला आणि पावतीवर आपोआप येणारं वजन यायचं थांबलं. "काटा बरोबर हाय ओ, ह्यो डबाच खुळावलाय," पोती लावणारे मामा म्हणाले. बाहेर शेतकरी विक्रीच्या हिशोबपट्टीसाठी खोळंबले होते.

डबाही शहाणाच होता. दोघांची बोली जुळत नव्हती, एवढंच.

काट्याच्या पोटात लोड सेल असतो. पोत्याच्या भाराने त्यातला धातू अगदी किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा रोध बदलतो आणि त्यावरून डिस्प्लेमधलं सर्किट वजन काढतं. तो आकडा बाहेर पडतो मागच्या नऊ पिनांच्या सीरियल पोर्टातून, म्हणजे केबल लावायच्या खाचेतून. त्याचं आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं, नऊ पिनांचं रूप नंतरचं. लॅपटॉपवरून हा पोर्ट केव्हाच गेला, पण काट्यांवर अजून नांदतोय. मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं, कारण त्यातलं सगळं उघड्यावर चालतं. बोलायला एक तार, ऐकायला एक आणि दोघांत सामाईक ग्राउंड; तीन तारांत काम भागतं.

वजनातला पहिला ५ घ्या. यंत्राच्या लेखी तो ००११०१०१, म्हणजे आठ बिट; एक बिट म्हणजे एक ० किंवा १. तार गप्प असते तेव्हा तिच्यावर विजेचा उणे दाब (व्होल्टेज) असतो. काट्याला बोलायचं असलं की तो दाब अधिक करतो. ही झाली हाक, म्हणजे स्टार्ट बिट. मग आठ बिट उजवीकडून डावीकडे, एकामागून एक: १ साठी उणे, ० साठी अधिक. शेवटी पुन्हा उणे, म्हणजे अक्षर संपलं. एका अक्षराला असे दहा बिट. बिट कधी बदलला हे सांगणारी वेगळी तार नसते, म्हणून दोन्ही बाजूंनी वेग आधीच ठरवून घ्यावा लागतो.

गाडी अडली होती ती इथेच. काटा सेकंदाला २४०० बिट या वेगाने बोलत होता आणि नव्या कॉम्प्युटरवर ९६०० ठेवलेलं. काटा एक बिट सांगेपर्यंत कॉम्प्युटर चार बिट मोजून मोकळा! त्यातून वेलबुट्टीच उमटणार. सेटिंगमध्ये २४०० केलं आणि आकडे नीट दिसायला लागले.

पण नव्या कॉम्प्युटरला नऊ पिनांचा पोर्टच नव्हता. त्यामुळे मध्ये यूएसबी कन्व्हर्टर लावलेला. यूएसबी १९९६ साली आला, आणि त्याच्या घडणीत इंटेलमध्ये काम करणाऱ्या, बडोद्यात शिकलेल्या अजय भट्ट यांचा मोठा वाटा आहे. यूएसबीची साधी चपटी पिन उजेडात धरून बघा: चार पट्ट्या, त्यातल्या कडेच्या दोन जरा लांब. त्या वीज देणाऱ्या. त्यामुळे खुपसताना आधी ५ व्होल्ट मिळतात आणि मग मधल्या दोन पट्ट्या बोलायला लागतात. त्या दोघींवर एकमेकींच्या उलट संकेत धावतो आणि वाचणारा फक्त दोघींतला फरक बघतो. शेजारच्या गिरणीच्या मोटरने गोंगाट केलाच, तर तो दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि वजाबाकीत निघून जातो.

यूएसबीवर वेग माणसाला ठरवावा लागत नाही. उपकरण लावलं की कॉम्प्युटर त्याला १ ते १२७ मधला एक पत्ता देतो आणि तू कोण, कुणी बनवलं, वीज किती लागेल हे विचारून घेतो. पुढे बोलायचं तेही कॉम्प्युटरने विचारल्यावरच. माऊस आपण होऊन काही सांगत नाही, त्याला सारखं विचारत राहावं लागतं.

बोली न जुळण्याची तीच गोष्ट पडद्याच्या केबलचीही. १९८७ सालचा पंधरा पिनांचा व्हीजीए रंग विजेच्या चढउतार होणाऱ्या दाबाने पाठवतो, एचडीएमआय मात्र आकड्यांत. म्हणून त्या दोघांत नुसती तार चालत नाही, मध्ये दुभाषी सर्किट लागतं. टाइप-सीच्या बाबतीत तर तोंडावर अजिबात जाऊ नका. चोवीस पिनांचं तोंड सगळीकडे सारखं, पण एखाद्या टाइप-सी पोर्टातून पडद्यावर चित्र जातं, एखाद्यातून फक्त चार्जिंग आणि सावकाश डेटा. विकत घेताना हे विचाराच.

यार्डात एक काम उरलं होतं. स्वतःचा अनुक्रमांक नसलेला कन्व्हर्टर दुसऱ्या खाचेत लावला, की विंडोज त्याला नवं उपकरण समजतं आणि कॉम पोर्टचा, म्हणजे विंडोज त्या सीरियल पोर्टाला देतं तो, नंबर बदलतो. वजनाचं सॉफ्टवेअर मात्र जुन्याच नंबरावर कान लावून बसतं. मामांना म्हटलं, झाडताना वायर निघाली तर ह्याच खाचेत परत लावा. त्यांनी पिवळं बोट खाचेशेजारी टेकवलं, खूण झाली, आणि पुढचं पोतं काट्यावर घेतलं.