ॲमेझॉनच्या आदिवासींमध्ये मिशनकार्य: व्हिसा, फुनाईची परवानगी आणि कागदपत्रं

ब्राझीलचा व्हिसा हातात पडला की जंगलातल्या गावात जायला मोकळीक मिळाली, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. परवानग्या दोन लागतात आणि त्या वेगवेगळ्या खात्यांकडून मिळतात. पहिली देशात येण्याची, दुसरी आदिवासींच्या भूमीत पाऊल ठेवण्याची, ती 'फुनाई' या आदिवासींच्या बाबी पाहणाऱ्या सरकारी प्रतिष्ठानाकडून. दुसरीत गावाचा होकार लागतो, आणि तो लागायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

व्हिसा कोणाला मिळतो

धर्मगुरू, धर्मभगिनी, ब्रदर किंवा संस्थेनं रीतसर नेमलेला मिशनरी यांच्यासाठी 'व्हिटेम सात' हा तात्पुरता व्हिसा आहे. तो एकट्यादुकट्यानं, नुसत्या उमेदीवर मागता येत नाही. ब्राझीलमधल्या धार्मिक संस्थेचं बोलावणं हवं. त्यात काम, ठिकाण, मुदत आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहिलेलं असावं. पर्यटक व्हिसावर हे काम करायला जाऊ नका.

सोबत पासपोर्ट, धार्मिक शिक्षणाचे दाखले आणि पासपोर्ट कार्यालयातून मिळणारं पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं. दाखल्यांवर आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा शिक्का, घ्यावं. ब्राझील २०१६ पासून अपोस्टिल मानतो. मुंबईत त्यांचा वाणिज्य दूतावास आहे. कागदांची चालू यादी तिथूनच घ्या. आपल्याकडच्या लोकांनी एक गोष्ट आधीच तपासावी: पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव आहे आणि दाखल्यावर नाही, असं असेल तर ते अर्जाआधी निस्तरा.

पोहोचल्यावर ९० दिवसांच्या आत फेडरल पोलिसांकडे नोंदणी करून ओळखपत्र घ्यायचं.

पीतज्वराची लस निघण्याआधी किमान १० दिवस घ्यावी. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. तिचं पिवळं कार्ड जपून ठेवा, कारण परत येताना भारतातच ते मागतात. नसेल तर विलगीकरणात राहावं लागू शकतं.

आधी शिकायचं काय

बाहेरून येणाऱ्या कॅथलिक मिशनऱ्यांसाठी ब्राझीलियामध्ये 'सेन्फी' हा अभ्यासक्रम आहे. त्यात पोर्तुगीज भाषा आणि त्या समाजाची ओळख शिकवतात. आदिवासींसोबत काम करायचं असेल त्यांच्यासाठी 'कोन्सेल्यो इन्दिजेनिस्ता मिसिओनारियो' ही बिशपांच्या परिषदेशी जोडलेली, १९७२ साली स्थापन झालेली संस्था वेगळं प्रशिक्षण देते. आदिवासींचे जमिनीचे हक्क हा तिच्या कामाचा गाभा आहे. पोर्तुगीज आली म्हणजे झालं असं मात्र समजू नका. एकट्या यानोमामी या आदिवासी समाजाच्याच अनेक भाषा आहेत. गावाची भाषा गावातच शिकावी लागते, आणि त्याला वर्षं जातात.

फुनाईकडचा अर्ज

१९८८ च्या राज्यघटनेचं २३१ वं कलम आदिवासींना त्यांच्या पारंपरिक भूमीवर हक्क देतं. तिथला प्रवेश फुनाई हे १९६७ साली स्थापन झालेलं सरकारी प्रतिष्ठान पाहतं. कोणत्या भूमीत, कोणत्या गावी, किती दिवस आणि कशासाठी जाणार हे अर्जात लिहायचं असतं. सोबत समाजाची संमती, लसीकरणाचा दाखला आणि संसर्गजन्य आजार नसल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र.

हे शेवटचं प्रमाणपत्र नुसती औपचारिकता म्हणून आणू नका. १९६७ मध्ये टोटोटोबी इथल्या मिशनवर एका मिशनऱ्याच्या लहान मुलीकडून यानोमामींमध्ये गोवर पसरला आणि माणसं मेली. आपल्याकडे गोवर म्हणजे लहानपणी येऊन जाणारा आजार. ज्यांच्या शरीराला तो कधी ठाऊकच नव्हता, त्यांच्यासाठी तो घरंच्या घरं रिकामी करणारा ठरला. मुलीचा त्यात काय दोष? ही काळजी घेण्याची जबाबदारी मोठ्यांचीच असते.

विसेंते कान्यास या जेझुइट (एक कॅथलिक धर्मसंघ) ब्रदरांना हे पुरतं उमगलं होतं. ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यात एनावेने-नावे या आदिवासी लोकांत ते सुमारे १० वर्षं राहिले, त्यांची भाषा बोलले, त्यांच्यासोबत मासेमारीला गेले. गावापासून दूर, जुरुएना नदीकाठी त्यांची एक झोपडी होती. बाहेरून आले की आधी काही दिवस ते तिथेच थांबत. अंगात कुठला आजार नाही याची खात्री पटली की मगच गावाकडे निघत. लोकांच्या जमिनीसाठी उभे राहिले म्हणून १९८७ मध्ये याच झोपडीत त्यांचा खून झाला.

जिथे अर्ज करूच नये

बाहेरच्या जगापासून अलिप्त राहिलेल्या समाजांशी स्वतःहून संपर्क करायचा नाही, हे ब्राझीलचं १९८७ पासूनचं धोरण आहे. महासाथीच्या काळात, २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानंही अशा भूमीत धार्मिक मोहिमांना मज्जाव केला. पेरूच्या सीमेवरच्या व्हाले दो जावारीत असे समाज मोठ्या संख्येनं आहेत. कोणी 'ओळखीनं नेतो' म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

मिळालेली परवानगी अर्जातल्या भूमीपुरती आणि मुदतीपुरतीच असते. दुसऱ्या भूमीत जायचं असेल तर नवा अर्ज करावा लागतो, आणि त्या गावाला पुन्हा विचारावं लागतं.