केबल गेली, वायर आली: जुन्या गाडीच्या थ्रॉटलची पार्श्वभूमी

दहा-बारा वर्षांची पेट्रोल गाडी कसारा घाट चढत असते. चेक इंजिनचा दिवा लागतो आणि पेडल तळापर्यंत दाबलं तरी गाडी रेस घेत नाही. इंजिन बंद पडत नाही, गाडी कशीबशी रांगत राहते. नाशिकला आल्यावर गॅरेजमध्ये पुष्कळदा पहिला सल्ला मिळतो तो थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात किती हवा जायची ते ठरवणाऱ्या झडपेचा भाग, बदलण्याचा. खर्च मोठा, आणि तो करूनही तक्रार कायम राहिल्याची उदाहरणं कमी नाहीत. गाडी रांगते ती थ्रॉटल मोडला म्हणूनच असं नसतं. इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे, म्हणजे ईसीएमकडे आलेल्या दोन संदेशांचा मेळ बसला नाही, की तो स्वतःहून ताकद काढून घेतो. ही रचना अशी का झाली, ते पाहिलं की तपासणी कुठून सुरू करायची हेही उमगतं.

कार्ब्युरेटरच्या मारुती ८००मध्ये पाय आणि झडप यांच्यामध्ये फक्त एक पोलादी केबल होती. तिचा एखादा धागा तुटून आवरणात अडकला की रेस अडकायची, रिटर्न स्प्रिंग ढिली पडली की पाय उचलूनही आरपीएम उतरायचा नाही. दोष डोळ्यांना दिसायचा आणि पक्कड घेऊन दूर व्हायचा. २०००च्या सुमारास धुराचे नियम कडक झाले, तसा पेट्रोल गाड्यांमधून कार्ब्युरेटर गेला आणि एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, आली. केबल मात्र राहिली. हवा किती घ्यायची ते पाय ठरवायचा, पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर. आयडलिंग, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालू राहणं, सांभाळायला वेगळा व्हॉल्व्ह, क्रूझ कंट्रोल असेल तर त्याला वेगळी यंत्रणा. पाय झटक्यात दाबला की हवा आधी आत शिरायची आणि पेट्रोलचा हिशोब मागून धावायचा. त्या क्षणभराच्या तफावतीत धूर बिघडायचा. हवेचीही सूत्रं कॉम्प्युटरकडे दिली तर हे सगळं झडप फिरवणाऱ्या एकाच छोट्या मोटारवर भागतं, म्हणून केबल काढायचं ठरलं.

कल्पना आली विमानांकडून. नासाने २५ मे १९७२ रोजी एफ-८ जातीचं लढाऊ विमान केवळ डिजिटल संगणक आणि वायरिंगच्या भरवशावर उडवलं. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार होणारं सुखोई-३० एमकेआयही फ्लाय-बाय-वायर पद्धतीचंच. वैमानिकाचा हात आणि विमानाचे पंख यांच्यात थेट दुवा न ठेवता हे करायचं, तर एकाच कामासाठी अनेक समांतर वाहिन्या लागतात. एक खोटं बोलू लागली तर बाकीच्या तिला उघडं पाडतात. १९८७ मध्ये बीएमडब्ल्यूने बारा सिलिंडरच्या ७५० मध्ये इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल दिला, १९९७ मध्ये तो शेवरले कॉर्व्हेटमध्ये आला आणि पुढच्या दशकात साध्या गाड्यांपर्यंत पोचला. विमानाइतक्या वाहिन्या गाडीत परवडत नाहीत, तिथे पेडलला दोन सेन्सर आणि झडपेला दोन सेन्सर यावर भागवलं गेलं.

दोनच साक्षीदार असले की अडचण अशी, की त्यांचं जुळलं नाही तर खरं कोण बोलतंय हे ठरवता येत नाही. मग ईसीएम सावध बाजू धरतो. मोटारचा प्रवाह तोडला की आतली स्प्रिंग झडपेला किंचित उघड्या जागी आणून सोडते, तेवढ्या हवेवर गाडी रस्त्याच्या कडेला नेता येते. घाटातलं रांगणं ते हेच, लिंप मोड. डिझेलमध्ये ताकद झडपेने नव्हे, इंधनाच्या मात्रेने ठरते. तरी सातपूरच्या कारखान्यातून निघालेल्या स्कॉर्पिओचं कॉमन रेल मॉडेल घेतलं, तर पेडलचा संदेश तिथेही वायरनेच जातो आणि पेडल सेन्सर बिघडला की लक्षणंही अशीच दिसतात.

या रचनेची सर्वांत कठोर परीक्षा अमेरिकेत झाली. २००९-१० मध्ये टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी वाढल्या आणि पायाखालची मॅट व अडकणारं पेडल यांसाठी लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. अमेरिकी सरकारने नासाच्या अभियंत्यांना इलेक्ट्रॉनिक्स तपासायला लावलं. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात आपोआप वेग घेण्यामागे इलेक्ट्रॉनिक दोष असल्याचा पुरावा सापडला नाही. पण तपासलेल्या एका कॅमरीच्या पेडल सेन्सरमध्ये कथलाचा केसासारखा बारीक तंतू वाढून दोन्ही सिग्नल एकमेकांना चिकटल्याचं आढळलं. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. दोन साक्षीदार ठेवले, पण ते एकमेकांत मिसळले तर पडताळणीच दुबळी होते. म्हणूनच दोन सेन्सरांचे व्होल्टेज मुद्दाम वेगवेगळे ठेवतात, आणि घासून झिजणाऱ्या पट्टीच्या सेन्सरांऐवजी चुंबकावर चालणारे, स्पर्श न करणारे सेन्सर पुढे रूढ झाले. जुन्या गाडीत मात्र ती झिजणारी पट्टीच असू शकते.

दोषाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी-२१३८ आला तर पेडलच्या दोन सेन्सरांत तफावत आहे, पी-२१३५ आला तर झडपेच्या. कोड एवढंच सांगतो. पार्ट मेला असं तो म्हणत नाही. पेडलच्या कनेक्टरमध्ये साधारण सहा वायरी असतात, दोन पाच व्होल्टच्या, दोन अर्थच्या, दोन सिग्नलच्या. चावी ऑन, इंजिन बंद. मल्टीमीटर सिग्नलवर लावून पेडल अगदी सावकाश दाबायचं. पुष्कळ गाड्यांत एका सिग्नलचं व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट चालतं, आणि दोन्ही सलग चढले पाहिजेत. आकडा मध्येच गचका खाऊन पडला, तर पट्टी त्या जागी झिजली आहे. शहरात अर्ध्या पायावर चालणाऱ्या गाडीची ती बहुधा नेमक्या त्याच टप्प्यावर झिजते. झडपेच्या बाजूला अनेक गाड्यांत एक सिग्नल चढतो तेव्हा दुसरा उतरतो आणि बेरीज पाचच्या आसपास राहते.

त्याहीआधी बॅटरी आणि अर्थिंग बघावं. सेन्सर पाच व्होल्टच्या हिशोबावर चालतात, त्यामुळे गंजलेल्या अर्थ पॉइंटवर थोडं व्होल्टेज अडलं तरी सगळे आकडे सरकतात. इगतपुरीच्या पावसात वर्षानुवर्षं ये-जा करणाऱ्या गाडीच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज चढतो. पिन साफ करून घट्ट बसवल्यावर कोड परत येत नाही, असं पुष्कळदा होतं.

आयडलिंग चढउतार करत असेल तर झडपेच्या कडेला साचलेला कार्बन पाहावा. साफ करताना चावी बंद हवी, झडप बोटाने जोर लावून ढकलू नये, आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात. सफाईनंतर ईसीएमला झडपेची बंद जागा पुन्हा शिकवावी लागते. पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी, काहींत चावी ऑन ठेवून थांबणं पुरतं, काहींना स्कॅनर लागतो. जुन्या बाजारातून आणलेली थ्रॉटल बॉडी बसवली तरी हे शिकवणं चुकत नाही. पार्ट नंबर अक्षर न अक्षर जुळला पाहिजे, कारण बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन बॉडींच्या सेन्सरांचे व्होल्टेज वेगळे निघू शकतात.