हाताला गुण येतो कुठून? पहिल्या दारातल्या डॉक्टरीची पार्श्वभूमी

अंगात ताप भरला की कोल्हापूरचा माणूस आधी आपल्या पेठेतल्या डॉक्टरांकडे जातो. सीपीआर हे सरकारी रुग्णालय, मोठी खासगी हॉस्पिटलं, पुण्या-मुंबईचे तज्ज्ञ हे सगळं नंतर. शिवाजी पेठ असो, इचलकरंजीतली यंत्रमाग कामगारांची वस्ती असो, नाहीतर शाहूवाडीतलं एखादं गाव, पहिला निर्णय त्या एका छोट्या खोलीत होतो: हे दुखणं चार दिवसांत घरीच उतरेल, की पेशंटला आजच्या आज पुढे पाठवायचं? हा निर्णय घेण्याचं कसब डॉक्टरांनी शिकायचं कुठे आणि कुणाकडून, हा प्रश्न आपल्याकडे फार उशिरा विचारला गेला. त्या खोलीत कोणत्या पदवीच्या माणसाने बसावं, यावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. आज प्राथमिक आरोग्यसेवेबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांची मुळं बरीचशी इथेच आहेत, असं मला वाटतं.

कोल्हापुरात आधुनिक वैद्यक रुजलं ते संस्थानाच्या आश्रयाने. 1880 च्या दशकात उभं राहिलेलं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणजेच आजचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आपलं सीपीआर. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, तेव्हा याच हॉस्पिटलातल्या स्त्री विभागाची जबाबदारी संस्थानाने त्यांना देऊ केली होती. त्या ती घेऊ शकल्या नाहीत. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांना बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. पुढे शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांना दरबाराने पुढच्या शिक्षणासाठी परदेशी पाठवलं आणि त्यांनी इथे येऊन बायकांवर उपचार केले. अंगावरून जाणं, अंग बाहेर येणं, बाळंतपणातला ताप ही दुखणी पुरुष डॉक्टरसमोर तोंडातून निघतच नसत. समोर बाई बसली म्हणून ती बोलली गेली. पेशंटने मोकळेपणाने सांगणं हाच निदानाचा अर्धा भाग असेल, तर कृष्णाबाईंची नेमणूक हा कोल्हापूरच्या वैद्यकीय इतिहासातला फार मोठा टप्पा मानायला हवा.

डॉक्टरांच्या हातातली साधनं आली ती युरोपातल्या वॉर्डांतून. छातीवर बोटांनी ठोकायचं आणि आवाज भरीव येतो की पोकळ ते ऐकायचं, ही पद्धत व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर यांनी 1761 मध्ये मांडली. पॅरिसमध्ये लेनेक यांनी 1816 साली कागदाची गुंडाळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. रक्तदाब मोजताना आपण दंडाच्या पट्ट्याखाली जे ठोके ऐकतो, ते रशियन शल्यवैद्य कोरोत्कोव्ह यांनी 1905 मध्ये वर्णन केले. बीपी घेण्याचा सोपस्कार वरवर साधा दिसतो. पण नीट शिकलेला डॉक्टर पट्टा फुगवताना मनगटाची नाडी बोटाखाली धरतो, ती लागेनाशी झाली की आणखी 30 अंक वर जातो आणि मगच स्टेथोस्कोप लावून पारा हळूहळू खाली सोडतो. रक्तदाब फार वाढलेल्या काही पेशंटांत मधले ठोके काही अंतरापर्यंत ऐकूच येत नाहीत. नाडी न धरता घाईने मोजलं, तर अशा पेशंटचं वाढलेलं बीपी नॉर्मल म्हणून लिहिलं जातं.

ही सगळी विद्या ज्या रोग्यांवर घडली ते वॉर्डात पडलेले होते, आजार पिकलेला होता, खुणा उघड होत्या. गल्लीतल्या दवाखान्यात पेशंट येतो तो तापाच्या दुसऱ्या दिवशी. अंगावर पुरळ नाही, छातीत आवाज नाही, नुसतं अंग मोडून आलंय. तो डेंग्यू असेल, टायफॉइडची सुरुवात असेल किंवा साधा सर्दीतापही असेल. अशा वेळी डॉक्टरांच्या हातात एक निराळं साधन असतं: वेळ. परवा पुन्हा बोलवायचं, तोवर काय दिसलं तर लगेच यायचं हे घरच्यांना नेमकं सांगायचं, आणि तो पेशंट खरंच परत येईल इतका विश्वास कमवायचा. हे वॉर्डात राउंड घेऊन शिकता येत नाही.

मग ते शिकलं कुणी? स्वातंत्र्यापूर्वी हे काम प्रामुख्याने एलएमपी आणि एलसीपीएस झालेल्या डॉक्टरांनी केलं. पदवीपेक्षा छोटा, परवान्यापुरता अभ्यासक्रम पुरा करून ते गावोगाव बसले. मुंबईत 1912 मध्ये कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स स्थापन झालं आणि एलसीपीएसची परीक्षा त्याच्याकडे होती. शेजारी मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिशनचं रुग्णालय उभारलं आणि पुढे वैद्यकीय शाळाही चालवली. त्याचा फायदा या सगळ्या मुलखाला झाला. नवा डॉक्टर आधी एखाद्या जाणत्या डॉक्टरांच्या हाताखाली उमेदवारी करी. दवाखान्यात कंपाउंडर मिक्श्चर बनवायचा, बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायचा आणि पावडरच्या पुड्या बांधून द्यायचा. बाहेर बाकावर तीन पिढ्या बसलेल्या असायच्या. आजोबांचा दमा, सुनेची बाळंतपणं, नातवाची गोवर या सगळ्याची नोंद एकाच डोक्यात असे. ते ज्ञान खरं होतं आणि मोलाचं होतं. मात्र ते लिहून ठेवलं गेलं नाही, तपासलं गेलं नाही, आणि चुकीची सवयही बरोबरच्या सवयीइतक्याच सहजपणे पुढच्या पिढीत उतरली. ‘डॉक्टर, एक सुई मारा की’ या मागणीला नकार न देण्याची सवय त्यातलीच.

देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करायला 1943 मध्ये नेमलेल्या भोर समितीने 1946 मध्ये अहवाल दिला, तेव्हा देशातल्या दर पाच डॉक्टरांपैकी किमान तीन जण असे परवानाधारक होते. समितीने बहुमताने ठरवलं की यापुढे एकाच दर्जाचा, पदवीधर ‘मूलभूत डॉक्टर’ तयार करायचा. काही सदस्यांचा याला विरोध होता: गावात कोण जाणार? याच अहवालाने दर 40,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवलं आणि 1952 पासून सामुदायिक विकास कार्यक्रमातून ती केंद्रं सुरू झाली. परवान्याचे अभ्यासक्रम बंद झाले. हेतू उत्तम होता, गरिबाला दुय्यम डॉक्टर का द्यायचा, हा प्रश्न रास्तच होता. पण नवा पदवीधर घडला तो मोठ्या हॉस्पिटलांत, विशेषज्ञांच्या हाताखाली. जुनी उमेदवारी गेली आणि तिच्या जागी पहिल्या भेटीचं शिक्षण आलंच नाही. ती पोकळी खेड्यापाड्यांत बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टरांनी भरून काढली. त्यांच्या शिक्षणाची आखणीही या कामासाठी झालेली नव्हती.

प्राथमिक केंद्रात बसून काय साधता येतं, याचा दाखला आपल्याच सह्याद्रीखाली मिळतो. महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे रोगी खाटेशेजारी बसून तासन्‌तास पाहिले: गार पडलेले हातपाय, दरदरून घाम, वाढलेला रक्तदाब, मग फुप्फुसात पाणी. 1982 मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली आणि पुढे प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाच्या वापराने लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू झपाट्याने कमी झाले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या माणसांना बालन्यूमोनिया ओळखायला शिकवलं, त्याचे निष्कर्ष 1990 मध्ये प्रसिद्ध झाले. ती पद्धत आज प्रत्येक आरोग्य केंद्रात माहीत असायला हवी. मूल आईच्या मांडीवर शांत असताना पोट-छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजायची. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा 40 किंवा जास्त, तर तो वेगवान. रडणाऱ्या मुलाचा आकडा धरायचा नाही. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. लागतं फक्त घड्याळ आणि एक मिनिटाचा धीर. गर्दीच्या ओपीडीत नेमकं तेच मिनिट कमी पडतं.

1975 हे वर्ष या विषयात दोनदा महत्त्वाचं ठरलं. इंग्लंडमध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी ओपीडीत नव्याने आलेले 80 पेशंट तपासले. त्यांपैकी 66 जणांचं अंतिम निदान पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आणि हकिकत ऐकूनच लागलं होतं. अंगतपासणीने 7 जणांचं बदललं, लॅबच्या तपासण्यांनी आणखी 7 जणांचं. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी परीक्षेची नवी रीत मांडली: विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, प्रत्येक ठिकाणी ठरावीक वेळात एक काम करून दाखवतो, आणि परीक्षक ठरलेल्या यादीनुसार गुण देतो. पेशंटशी बोलणं हीसुद्धा परीक्षेत मोजायची गोष्ट झाली.

आपल्याकडे मात्र वारं वेगळ्या दिशेने वाहिलं. 13 नोव्हेंबर 1995 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणल्या. पेशंटला दाद मागायची वाट मिळाली, ते आवश्यकच होतं. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनी भरती केलेल्या पेशंटांची कागदपत्रं तीन वर्षं जपणं आणि मागितल्यावर 72 तासांत देणं बंधनकारक केलं. यातून लिहिण्याची शिस्त आली. पण स्वतःच्या हातावरचा भरवसाही ढळला, आणि हकिकत पुरती ऐकण्याआधीच तपासण्यांची चिठ्ठी फाडली जाऊ लागली. त्याचा भार ऊसतोड मजुरापासून यंत्रमाग कामगारापर्यंत सगळ्यांच्या खिशावर पडतो.

2019 मध्ये एमबीबीएसचा क्षमताधारित अभ्यासक्रम आला. त्यात पहिल्या संपर्काचा डॉक्टर हे ध्येय स्पष्ट लिहिलं आहे, संवाद आणि नीती यांसाठी पहिल्या वर्षापासून वेगळे तास आहेत, आणि कोणतं कौशल्य विद्यार्थ्याने स्वतः करून दाखवायचं याची लॉगबुकात नोंद होते. त्यानंतर आलेल्या कुटुंब दत्तक कार्यक्रमात विद्यार्थी गावातली काही घरं वाटून घेतात आणि शिक्षण संपेपर्यंत त्यांच्याकडे जात राहतात. तीन पिढ्यांच्या दुखण्यांची जी ओळख जुन्या डॉक्टरांना बाकावरच्या गर्दीतून झाली, ती आता अभ्यासक्रमातून घडवायचा हा प्रयत्न आहे. इंटर्नशिपचं वर्ष मात्र अजून पुढच्या प्रवेश परीक्षेच्या पुस्तकांत जातं. बहुतेक मेडिकल कॉलेजांत फॅमिली मेडिसिनचा स्वतंत्र विभाग नाही आणि या विषयातल्या एमडीच्या जागा देशभरात मोजक्या आहेत. म्हणजे कोल्हापुरात शिकणाऱ्या मुलाला हृदयरोगतज्ज्ञ शिकवतात, अस्थिरोगतज्ज्ञ शिकवतात, आणि तीस-चाळीस वर्षं दवाखाना चालवलेले, तापाच्या दुसऱ्या दिवशीचा पेशंट रोज पाहणारे पेठेतले डॉक्टर त्याच्या शिक्षकांच्या यादीत नसतात.