वनजिऑलॉजीवर देशाचा भूवैज्ञानिक नकाशा नोंदवताना अर्ज कुठे अडतो

नकाशा चांगला असतो, सर्व्हर चालू असतो, माणसांनी वर्षभर राबून काम केलेलं असतं आणि तरीही नोंदणी अडते. भूवैज्ञानिक सर्वेक्षणांत जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे तयार करण्याचं काम करणाऱ्या मुलामुलींचे असे फोन मला अधूनमधून येतात. चूक खडकांच्या अभ्यासात जवळपास कधीच नसते. ती नकाशाच्या भोवतीच्या मजकुरात असते, आणि तो मजकूर कुणीतरी ‘नंतर भरू’ म्हणून सोडून दिलेला असतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मार्च २००७ मध्ये ब्रायटनला अनेक देशांची भूवैज्ञानिक सर्वेक्षणं एकत्र बसली आणि २००८ मध्ये ऑस्लोच्या आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेत वनजिऑलॉजी, म्हणजे देशोदेशीचे भूवैज्ञानिक नकाशे इंटरनेटवर एकत्र दाखवणारा उपक्रम, जगासमोर आलं. समन्वयाचं काम ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे होतं, पोर्टल उभं करण्याचं फ्रान्सच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे, बीआरजीएमकडे. शंभराहून जास्त देश यात सहभागी झाले. यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वरिष्ठांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते: नकाशा कुणाला देऊन टाकायचा नाही. डेटा तुमच्याच सर्व्हरवर, तुमच्याच मालकीचा राहतो. पोर्टल फक्त त्याचं चित्र मागवून शेजारच्या देशाच्या चित्राला लावून दाखवतं. हे न समजल्यामुळे कितीतरी फायली ‘डेटा बाहेर जाईल’ या शेऱ्यावर पडून राहतात, आणि त्याचा मला खरोखर राग येतो.

पात्रतेचं साधं आहे. ही कल्पनाच राष्ट्रीय सर्वेक्षणांची आहे. आपल्याकडे तो अधिकार भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा. कॉलेज, खासगी कंपनी किंवा हौशी अभ्यासक यांनी देशाचा नकाशा परस्पर नोंदवणं यात बसत नाही. पाहणं मात्र सगळ्यांना खुलं आहे. ज्या सर्वेक्षणाकडे सर्व्हरच नाही, त्याने हात टेकायची गरज नाही. दुसऱ्या देशाच्या सर्वेक्षणाने त्याच्या वतीने नकाशा चालवायचा, अशी ‘जोडीदार’ पद्धत सुरुवातीपासून आहे.

प्रमाणाबद्दल मोठा गैरसमज आहे. एकास दहा लाख हे उद्दिष्ट आहे. तुमच्याकडे एकास वीस लाखाचाच नकाशा असेल तर तो द्या. नव्या नकाशाची वाट पाहण्यात वर्षं घालवू नका. शेजारच्या देशाशी सीमेवर रंग आणि रेषा जुळत नाहीत म्हणून थांबणारेही भेटतात. जुळवाजुळव हे वेगळं काम आहे. युरोपातल्या २० देशांनी त्यासाठी २००८ ते २०१० असा स्वतंत्र प्रकल्प केला. भारतापुरतं सांगायचं तर देशाची बाह्यसीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच हवी. ती फायलीच्या सुरुवातीलाच तपासून घ्या, शेवटी नको.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो: मूळ नकाशाच्या प्रक्षेपणाची (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत) आणि डेटमची (अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया) नोंद. ही नोंद नकाशाच्या खालच्या मार्जिनमध्ये छापलेली असते. एका कार्यालयात मला भिंतीवरचा, चाळीसेक वर्षांपूर्वीचा नकाशा उतरवून दिला. लॅमिनेशन सुरेख, पण चौकटीत बसावा म्हणून चारही बाजूंचं मार्जिन कापलेलं. प्रक्षेपण, आवृत्तीचं वर्ष, संकलन करणाऱ्यांची नावं, सगळं कात्रीखाली गेलं होतं. अशा वेळी अंदाजाने काम रेटू नका. ग्रंथालयात, मुद्रण विभागात, जुन्या अहवालाच्या खिशात घडी घातलेली प्रत शोधा. ती सापडेपर्यंत स्कॅनिंगही करू नका. एकास दहा लाख प्रमाणावर एक मिलिमीटर म्हणजे एक किलोमीटर. कागद दमट हवेने तीन मिलिमीटर ताणला गेला असेल तर तुमची सीमारेषा तीन किलोमीटर सरकली. म्हणून जिओरेफरन्स करताना, म्हणजे स्कॅन केलेला नकाशा पृथ्वीवरच्या खऱ्या जागी बसवताना, नद्यांचे संगम आणि रेल्वे स्टेशनं धरू नका, अक्षांश-रेखांशांच्या छापील फुल्या धरा, आणि भरपूर धरा.

डिजिटाइझ करणं, रंग भरणं, जिओसर्व्हर किंवा मॅपसर्व्हर या नकाशे पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चढवणं याची पायरीवार मार्गदर्शिका उपलब्ध आहे. तिच्याप्रमाणे गेलं की होतं.

पुढची अडचण कालखंडांची. जुन्या नकाशाच्या रंगसूचीत खडकांचा काळ म्हणून ‘टर्शरी’ लिहिलेलं असतं. आज ती औपचारिक संज्ञा नाही, पॅलिओजीन आणि निओजीन असे दोन भाग आहेत. क्वाटर्नरीची सुरुवातही २००९ मध्ये १८ लाखांवरून सुमारे २६ लाख वर्षांपर्यंत मागे नेली गेली. आपला दख्खनचा बेसाल्ट तर क्रिटेशिअस आणि पॅलिओजीनच्या उंबरठ्यावरच बसतो. जुनी नावं पुसू नका, शेजारी नवा रकाना जोडा. आणि घाबरू नका: जिओएससीएमएलमध्ये, म्हणजे भूवैज्ञानिक माहितीच्या आंतरराष्ट्रीय डेटा-साच्यात, सगळी माहिती बसवणं ही पुढची पायरी आहे. पहिल्या नोंदणीला डब्ल्यूएमएसने, म्हणजे इंटरनेटवरून नकाशाचं चित्र पुरवण्याच्या प्रमाणित पद्धतीने, नीट दिसणारं चित्र पुरतं. हे कुणी सांगत नाही, म्हणून लोक दाराशीच बसून राहतात.

सर्व्हरच्या दोन चुका मी सगळ्यांत जास्त पाहिल्या. पहिली, अक्षांश-रेखांशांच्या क्रमाची. ईपीएसजी ४३२६ ही अक्षांश-रेखांशांची प्रमाणित पद्धत वापरताना डब्ल्यूएमएसच्या १.१.१ आवृत्तीत रेखांश आधी येतो, १.३.० मध्ये अक्षांश आधी. क्रम उलटला की १९ उत्तर, ७३ पूर्वेची मुंबई ७३ उत्तर, १९ पूर्वेला, म्हणजे नॉर्वेच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेला समुद्रात जाते. नकाशा कोरा दिसतो आणि माणसं डेटाबेस उकरत बसतात.

दुसरी चूक पत्त्याची. कार्यालयात सगळं दिसतं, बाहेर काहीच नाही. सेवेच्या गेटकॅपॅबिलिटीज मजकुरात, म्हणजे सर्व्हर स्वतःची ओळख सांगतो त्या मजकुरात, सर्व्हरचा अंतर्गत पत्ता किंवा ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे ‘हाच संगणक’) राहून गेलेला असतो. तो मजकूर छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचा: बाहेरचा पत्ता, लेयरच्या (नकाशाच्या थराच्या) शीर्षकात देश, संस्था, प्रमाण आणि विषय, कीवर्डमध्ये ‘वनजिऑलॉजी’ हा शब्द, वापराच्या अटी. मालकीची आणि वापराची संमती संस्थाप्रमुखांच्या सहीने लेखी घेऊन ठेवा. तोंडी होकार देणारे साहेब बदलून जातात.

मग कार्यालयाचं वायफाय बंद करून मोबाइलच्या इंटरनेटवरून सेवा उघडून पाहा, आणि दिसली तरच सेवेचा पत्ता पाठवा. नोंद झाल्यावर सर्व्हर हलवाल तेव्हा नवा पत्ता त्याच दिवशी कळवा. पोर्टल चित्र दर वेळी तुमच्याकडूनच मागतं, त्यामुळे पत्ता चुकला की जगाच्या नकाशावर तुमच्या देशाच्या जागी काहीच दिसत नाही.