एपिडर्मॉइड पुटी

त्वचेखाली हळूहळू वाढणारी, केराटिनने (त्वचा व केसांतील कठीण प्रथिनाने) भरलेली निरुपद्रवी गाठ. बोलण्यात तिला ‘चरबीची गाठ’ म्हणतात आणि कित्येक डॉक्टर अजूनही ‘सेबेशियस सिस्ट’ लिहितात; दोन्ही नावे दिशाभूल करणारी आहेत, कारण तिच्यात ना चरबी असते, ना तिचा उगम तैलग्रंथीत असतो. केसाच्या मुळाला वेढणाऱ्या पुटकाचे तोंडाजवळचे अस्तर बाह्यत्वचेचेच असते. ते तोंड बुजले, किंवा जखमेतून बाह्यत्वचेचा तुकडा आत रुतला, की एरवी अंगावरून झडून जाणारे केराटिन आतच साचत राहते.

चेहरा, मान, पाठ, छाती व वृषणकोश ही तिची नेहमीची ठिकाणे. गाठ गोल, घट्ट आणि खालच्या ऊतकावर सरकणारी असते, मात्र वरच्या त्वचेला एका बिंदूपाशी चिकटलेली असते. तेथे दिसणारे काळसर छिद्र ही निदानाची सर्वांत उपयोगी खूण होय, पण ते प्रत्येक गाठीत सापडत नाही. पौगंडावस्थेपूर्वीच अशा अनेक गाठी आल्यास गार्डनर सिंड्रोम या आनुवंशिक विकाराची, म्हणजे मोठ्या आतड्यातील पॉलिपांची (अस्तरावर वाढणाऱ्या गाठींची), शंका घ्यावी.

सूक्ष्मदर्शकाखाली भिंतीत चपट्या पेशींचे थर व त्यांत कणयुक्त थर (बाह्यत्वचेतील दाणेदार पेशींचा थर) दिसतो, तर आत केराटिनचे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे पदर असतात. डोक्यावर आढळणाऱ्या ट्रायकिलेमल पुटीत हा कणयुक्त थर नसतो, आणि डर्मॉइड पुटीच्या भिंतीत केस व तैलग्रंथीही असतात. गाठ फुटली, की शरीर बाहेर सांडलेल्या केराटिनला परके मानते, परके कण गिळणाऱ्या महाकाय पेशी जमतात आणि जागा लाल होऊन दुखू लागते. हा दाह पुष्कळदा जंतुसंसर्ग समजला जातो.

सोनोग्राफीत रेखीव कडांची, लंबगोल, आसपासच्या ऊतकापेक्षा गडद गाठ दिसते, तिच्या मागचा भाग उजळतो आणि डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, आत रक्तप्रवाह आढळत नाही. त्वचेकडे जाणारी अरुंद वाट दिसली तर निदान जवळजवळ निश्चित होते. एमआरआयच्या टी-२ चित्रांत, म्हणजे पाणी उजळ दाखवणाऱ्या चित्रांत, ती पाण्यासारखी उजळ असते, पण दाट केराटिनमुळे पाण्याच्या रेणूंची हालचाल अडते, म्हणून ही हालचाल टिपणाऱ्या डिफ्युजन चित्रांतही ती उजळ राहते. फुटलेल्या गाठीच्या कडा मात्र अस्पष्ट होतात व भोवती रक्तप्रवाह वाढतो, तेव्हा गळू किंवा कर्करोगाचा भास होऊ शकतो. भिंतीत खरा कर्करोग उद्भवणे अतिशय विरळ आहे.

त्रास नसेल तर उपचाराची गरज नाही. गाठ पिळून रिकामी केली तरी अस्तर मागे राहते आणि ती पुन्हा भरते. त्यामुळे दाह ओसरल्यावर भिंतीसकट ती काढावी लागते.