निवृत्त रॅली गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्यामागचा इतिहास

नाशिकमध्ये अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडमागे ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी जिप्सी किंवा एस्टीम पाहिली, की ती रॅलीची गाडी आहे हे जाणकाराला लांबूनच कळते. बॉनेटला दोन पिना असतात, चाकांमागे जाड मडफ्लॅप लोंबत असतात आणि दारावरचे क्रमांकाचे स्टिकर कधीच निघून गेलेले असले तरी त्याच्या जागेचा चौकोन उन्हाने विटलेल्या रंगात उजळ उमटलेला असतो. अशी गाडी विकत घेऊन ती रोजच्या वापरात आणू पाहणारी माणसे मला भेटतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा खर्चाचा असतो. माझ्या मते पहिला प्रश्न इतिहासाचा असायला हवा. ही गाडी कोणत्या नियमांखाली बांधली गेली, रस्त्याचा कायदा तेव्हा काय होता आणि आज काय आहे, हे समजल्याशिवाय तिच्यातले काय काढायचे आणि काय ठेवायचे हे ठरवता येत नाही.

मुळात रॅलीची गाडी रस्त्यापासून कधी तुटलेलीच नव्हती. सर्किटवर धावणारी रेसिंग कार ट्रकवर लादून आणतात आणि ट्रकवरच परत नेतात, परंतु रॅलीचे अंतर दोन प्रकारचे असते. स्पेशल स्टेज म्हणजे वाहतुकीला बंद केलेला, घड्याळ लावून धावण्याचा पट्टा. एका स्टेजपासून दुसऱ्या स्टेजपर्यंतचा प्रवास मात्र सर्वसाधारण रस्त्यावरून, इतर वाहनांच्या सोबतीने आणि वाहतुकीचे सगळे नियम पाळूनच करावा लागतो. १९११ मध्ये सुरू झालेल्या माँटे कार्लो रॅलीत तर युरोपातल्या निरनिराळ्या शहरांतून निघून ठरावीक मुदतीत माँटे कार्लोला पोहोचणे, हीच मुख्य परीक्षा होती. म्हणून रॅलीच्या गाडीला नंबरप्लेट, दिवे, हॉर्न आणि नोंदणीचे कागद लागतात. ही गाडी रस्त्यावर ‘आणायची’ असे आपण म्हणतो तेव्हा खरे तर ती ‘परत आणायची’ असते.

पुढे खेळाचे नियम आणि रस्त्याचे नियम हळूहळू एकमेकांपासून दूर गेले. मोटार क्रीडेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्पर्धेच्या गाडीचा संबंध कारखान्यात तयार होणाऱ्या गाड्यांच्या संख्येशी जोडला होता. त्यासाठी गाड्यांचे गट पाडलेले असत; जुन्या चौथ्या गटासाठी ४०० गाड्या बांधल्याचा पुरावा लागे. १९८२ मध्ये एन, ए आणि बी असे नवे गट आले. ए गटासाठी ५००० गाड्यांची अट होती, तर बी गटाला अवघ्या २०० पुरत, त्यामुळे बी गटातल्या गाड्या नावापुरत्याच रस्त्याच्या राहिल्या. मे १९८६ मध्ये कॉर्सिकातील रॅलीत हेन्री तोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्तो यांचा अपघाती मृत्यू झाला आणि वर्षअखेर बी गट जागतिक स्पर्धेतून बाद झाला. भारतीय रॅलीवर खरी छाप पडली ती एन गटाची. शोरूममधून निघालेली गाडी, तिचे मूळ इंजिन, मूळ बॉडी आणि तिच्यावर सुरक्षेची अनिवार्य साधने, असा हा गट असल्याने आपल्याकडे परवडणारा होता. आज नाशिकच्या शेडमध्ये सापडणाऱ्या बहुतेक गाड्या या विचारातून तयार झालेल्या आहेत, आणि त्या रस्त्यावर परत येऊ शकतात याचे कारणही तेच आहे.

भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना, फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, १९७१ मध्ये स्थापन झाली. १९८० मध्ये सुरू झालेल्या हिमालयन रॅलीने, ती दहाच वर्षे चालली तरी, परदेशी चालक आणि त्यांच्या गाड्या इथल्या मेस्त्रींना जवळून दाखवल्या. १९८८ मध्ये राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. त्याआधी तीन वर्षे, १९८५ च्या डिसेंबरमध्ये, मारुतीची जिप्सी बाजारात आली होती. ९७० सीसीचे इंजिन, शिडीसारखी चौकट, चारही चाकांना स्प्रिंगचे पाटे आणि जेमतेम एक टनाचे वजन, अशी ही गाडी आरामाच्या दृष्टीने कठोर होती, पण दगडधोंड्यांच्या वाटेवर टिकत असे आणि तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळत. रॅलीचालक हरी सिंग यांनी राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवले आणि त्यांचे नाव जिप्सीशी जोडले गेले. १९९६ मध्ये तिला १२९८ सीसीचे इंजिन मिळाले आणि २००० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आले. दरम्यान १९९४ मध्ये आलेल्या एस्टीमने हलक्या सेडानचा वर्ग व्यापला. नंतर बलेनो, होंडा सिटी, मित्सुबिशी सीडिया असा क्रम लागतो. महिंद्राने एक्सयूव्ही ५०० रॅलीत उतरवली आणि ती चालवणाऱ्या गौरव गिलला २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा हा खेळ घराघरात निदान नावाने तरी पोहोचला.

राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळापत्रकात नाशिकची रॅली ऑफ महाराष्ट्र अनेक वर्षे होती, ही गोष्ट योगायोगाची नाही. शहराबाहेर अर्ध्या तासात कच्चे रस्ते, टेकड्या आणि मुरूम लागतो. पश्चिमेला त्र्यंबक-इगतपुरीकडे पाऊस आणि चिखल, पूर्वेला सिन्नरकडे कोरडे माळ, असे दोन्ही प्रकार एकाच जिल्ह्यात मिळतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे इथे कामाचे हात आहेत. महिंद्राचा वाहन कारखाना, डिझेल इंजेक्टर बनवणारी मायको म्हणजे आजची बॉश आणि सिएटचा टायर कारखाना, यांच्याभोवती लेथ, मिलिंग, गिअर-कटिंग आणि वेल्डिंगची छोटी वर्कशॉप उभी राहिली. स्कॉर्पिओसारखी गाडी जिथे तयार झाली, त्या गावात चौकटीला आलेला बाक ओळखणारा माणूस शोधावा लागत नाही.

आता रॅलीने गाडीचे काय केलेले असते ते पाहू, कारण पुनरुज्जीवनाची नव्वद टक्के मेहनत याच माहितीवर अवलंबून असते. सर्वांत ठळक बदल रोल केजचा, म्हणजे आतल्या पोलादी पिंजऱ्याचा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्याची मुख्य कमान जोड नसलेल्या, थंड ओढलेल्या नळीची असते, ४५ मिलिमीटर व्यासाची नि २.५ मिलिमीटर जाडीची किंवा ५० व्यासाची नि २ जाडीची. ती जिथे गाडीच्या आतल्या जमिनीच्या पत्र्याला टेकते, तिथे किमान ३ मिलिमीटर जाडीचा तुकडा जोडून जागा भक्कम केलेली असते. हेल्मेट, सहा पट्ट्यांचा बेल्ट आणि बकेट सीट असताना हा पिंजरा जीव वाचवतो. पण साध्या कपड्यांत, तीन बिंदूंच्या बेल्टने बसलेल्या माणसाचे डोके अपघातात ज्या नळीवर आदळेल, ती कवटीपासून वीतभर अंतरावर असते. पिंजरा दिसायला देखणा असतो आणि मालकाचा जीव त्यात अडकलेला असतो, हे मला समजते, तरीही घरच्या माणसांना घेऊन फिरायची गाडी असेल तर तो काढलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

काढण्याची पद्धत मात्र गाडीगणिक बदलते. जिप्सीत भार चौकटीवर असतो, त्यामुळे पिंजरा निघाला तरी गाडीचा कणा शाबूत राहतो. एस्टीमला वेगळी चौकटच नाही. तिच्या पत्र्याच्या जोडांवर रॅलीसाठी जागोजागी जादा वेल्डिंग केलेले असते आणि पिंजरा त्या पत्र्याला आधार देत असतो. तो घाईने कापला तर पुढच्या शॉकअपच्या मनोऱ्याभोवती दबून राहिलेल्या भेगा उघड्या पडतात. म्हणून जाणते मेस्त्री ग्राइंडर हातात घेण्याआधी ओळंबा घेतात. अंबडच्या एका शेडमध्ये मी हे काम एका जिप्सीवर होताना पाहिले. गाडी चार स्टँडवर समपातळीत उभी केली होती. चौकटीवरच्या ठरावीक छिद्रांतून ओळंबा सोडून, खाली कोब्यावर खडूने खुणा केल्या गेल्या आणि मग दोन माणसांनी टेप ताणून दोन्ही कर्ण मोजले. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा अकरा मिलिमीटरने जास्त भरला. गाडी कधीतरी डाव्या पुढच्या कोपऱ्यावर जोराने आपटली होती, ही गोष्ट विकणाऱ्याने सांगितली नव्हती आणि कोणत्याही कागदावर नव्हती.

कागदावर नसण्यालाही कारण आहे. आपल्याकडच्या खासगी मोटार विम्यात संघटित शर्यत, वेगाची चाचणी आणि तत्सम वापर वगळलेला असतो. स्टेजवर झालेल्या नुकसानीचा दावा नेहमीच्या विम्यात होत नाही, आणि दावा नाही म्हणून नोंदही नाही. सर्वसाधारण जुन्या गाडीचा अपघाती इतिहास विम्याच्या नोंदींतून थोडाफार कळतो, तसा इथे कळत नाही. तो पत्र्यातून, वेल्डिंगच्या पोतातून आणि पुट्टीच्या जाडीतूनच वाचावा लागतो.

इंजिनाचा भाग तुलनेने सोपा आहे. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तासून (फेसिंग करून) कॉम्प्रेशन वाढवलेले असते, झडपा उघडणारा कॅम बदललेला असतो, त्यामुळे सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते आणि पंपावरच्या साध्या पेट्रोलवर चढाला ठोके देते. मूळ मापाचा हेड आणि मूळ कॅम बसवला की दोन्ही तक्रारी जातात आणि पीयूसीही मिळू शकते. भारत स्टेज दोन या प्रदूषण मानकाच्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, आणि रॅलीच्या कॅमवर ती पाळणे कठीण जाते. रॅलीसाठी बसवलेले सरळ दातांचे गिअर कितीही प्रिय असले तरी त्यांच्या आवाजात शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही. इंजिनाखालची जाड संरक्षक प्लेट मात्र अनेक जण ठेवतात. तिच्या आत अडकलेला चिखल ओलावा धरतो आणि चौकट गंजते, एवढे ध्यानात ठेवून ती वर्षातून एकदा उतरवावी.

कायद्याचा प्रवास वेगळ्याच दिशेने झाला आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या कलम ५२ मध्ये मुळात अशी तरतूद होती की, नोंदणी पुस्तकातील तपशील बदलेल असा फेरफार मालकाने अधिकाऱ्याला कळवून, त्याची मंजुरी घेऊन करावा. २००० च्या दुरुस्तीने हे चित्र पालटले. उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करायचाच नाही, असे कलम झाले आणि इंधन बदलण्यासारखे मोजके अपवाद राहिले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधून आलेल्या प्रकरणात हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड अशी शिक्षा ठेवली. नव्वदच्या दशकात मंजुरीच्या वाटेने जे जमले असते, ते आज जमत नाही, आणि म्हणूनच पुनरुज्जीवन म्हणजे कारखान्यातून निघालेल्या तपशिलाकडे परत जाणे, हाच व्यवहार्य अर्थ उरतो. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ मध्ये विंटेज नोंदणीचे नियम आले खरे, पण पहिल्या जिप्सीलाही ते वय २०३५ मध्ये होईल आणि अशी नोंदणी रोजच्या वापरासाठी नसतेच.

मुदतीचाही प्रश्न आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. १९९६ मध्ये नोंदलेल्या जिप्सीची पहिली मुदत २०११ मध्ये संपली, म्हणजे नेमकी ती स्पर्धेतून बाहेर पडून शेडमध्ये उभी राहण्याच्या सुमारास. तेव्हा कोणी नूतनीकरण केले नाही, आणि आता २०१६ नि २०२१ चे टप्पेही हुकलेले असतात. एप्रिल २०२२ पासून हलक्या मोटारीचे नूतनीकरण शुल्क ६०० वरून ५००० रुपये झाले, २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते १०,००० झाले. उशिराचा दंड आणि महाराष्ट्रात २०१० पासून असलेला पर्यावरण कर वेगळा. परराज्यातली गाडी असेल तर तिकडचे ना-हरकत प्रमाणपत्रही हवे. सैन्याच्या लिलावातली जिप्सी रॅलीची म्हणून विकण्याचा प्रकारही होतो, आणि तो ओळखायला जमिनीच्या पत्र्यावर पिंजऱ्याच्या पायाची खूण आहे का, एवढे पाहणे पुरते.

शेवटी गाडी पेठ रोडवरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात पासिंगसाठी उभी राहते, तेव्हा निरीक्षक रंग, सीट, दिवे पाहतो, पण आधी चेसिस नंबर मागतो. जिप्सीत तो पुढच्या चाकाजवळ चौकटीच्या दांड्यावर ठोकलेला असतो, नेमका जिथे चाकाने उडवलेला दगड सतत आपटतो. अंबडच्या त्या गाडीवरचा नंबर वरच्या रंगाखाली आणि मातीच्या थराखाली गेला होता. मेस्त्रीने तिथे रॉकेलचा बोळा फिरवला, बारीक पॉलिश पेपर ओला करून हलक्या हाताने घासला, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिलीचे टोक आडवे फिरवले, आणि कागदावर एकेक अंक पांढरा उमटत गेला. फक्त शेवटून तिसरा अंक, ज्याच्यावर दगडाचा ठोका बसला होता, तो तीन की आठ हे ठरवायला कागद तीनदा बदलावा लागला.