अंगठीच्या पोटातली तारीख

इंग्लंडमधल्या नांगरटीत मेटल डिटेक्टर वाजतो, ढेकूळ फुटतं आणि आतून सोन्याची अंगठी निघते. चांदी मातीत काळवंडते, तांबं हिरवं पडतं. सोनं मात्र कालच कुणाच्या बोटातून गळल्यासारखं दिसतं. त्यामुळे झळाळीवरून वय सांगायला जाल तर हमखास फसाल. अंगठी पाण्यातून काढायची (घासायची अजिबात नाही) आणि भिंग लावून आतली बाजू बघायची. तिथे तांदळाच्या कणीएवढ्या खुणांची ओळ असते: कारागिराची आद्याक्षरं, जहाजाचा नांगर, १५ आणि ·६२५ हे आकडे, शेवटी एक रोमन अक्षर.

नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, अंगठी जिथे तपासली गेली ते शहर. १५ म्हणजे पंधरा कॅरेट, आणि ·६२५ म्हणजे चोवीसात पंधरा भाग सोनं, हाच कस दशांशात. या कसाला इंग्लंडमध्ये १८५४ साली परवानगी मिळाली आणि १९३२ मध्ये तो बंद होऊन त्याच्या जागी १४ कॅरेट आलं. म्हणजे शेवटचं अक्षर झिजून गेलं असलं तरी अंगठी या अठ्ठ्याहत्तर वर्षांतली, एवढं नक्की.

ही सोय पुढच्या संशोधकांसाठी कुणी केली नव्हती. तिच्या मुळाशी सोनारावरचा अविश्वास आहे. १३०० साली राजा पहिला एडवर्ड याने फर्मान काढलं: सोन्याचांदीचा कस तपासून त्यावर बिबट्याचं डोकं उमटवल्याशिवाय माल विकायचा नाही. १३६३ पासून प्रत्येक कारागिराला आपली स्वतःची खूण ठोकणं भाग पडलं. तरी घोळ राहिलाच, कारण तपासणाराच भेसळीत सामील असला तर काय करणार? म्हणून १४७८ मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलने, म्हणजे सोनारांच्या संघाच्या मुख्यालयाने, दरसाल बदलणारं अक्षर सुरू केलं. हिणकस माल नंतर उघडकीला आला, तर त्या साली तपासनीस कोण होता ते अक्षरावरून कळावं. ‘हॉलमार्क’मधला हॉल तो हाच. जबाबदारी चिकटवायला शोधलेलं ते अक्षर आज शेतात सापडलेल्या अंगठीचं साल सांगतं!

ते वाचणं मात्र नवशिक्याला वाटतं तितकं सोपं नाही. लंडनमध्ये वीस अक्षरं संपली की पुन्हा ए पासून सुरुवात. फक्त अक्षराचं वळण आणि भोवतीची ढाल बदलायची. प्रत्येक शहराचा क्रम वेगळा. बर्मिंगहॅम आणि शेफील्ड इथली तपासणी कार्यालयं १७७३ मध्ये उघडली, एक्सेटरचं १८८३ मध्ये आणि चेस्टरचं १९६२ मध्ये बंद झालं. त्यामुळे आधी शहर ओळखायचं, मग तक्ता उघडायचा. शिवाय १९७५ पूर्वी अक्षर १ जानेवारीला बदलत नसे, बर्मिंगहॅमला ते जुलैत बदलायचं. म्हणून जाणकार अशा अंगठीचं एकच साल न सांगता लागोपाठची दोन सांगतो. अंगठी कधी मोठी करून घेतली असेल तर सोनाराने नेमका खुणांवरच काप घेतलेला असतो, ते दुखणं निराळंच.

खूणच नसेल तर? अठराव्या शतकात बऱ्याच लहान दागिन्यांना छापातून सूट होती; लग्नाच्या अंगठ्यांना तो १८५५ मध्ये सक्तीचा झाला. त्याआधीच्या अंगठ्यांचं वय कोरलेल्या मजकुरावरून आणि घाटावरून काढतात. प्रेमाचं एखादं वचन कोरलेल्या अंगठ्या इंग्लंडच्या मातीत बऱ्याच सापडतात. मजकूर बाहेरच्या अंगाला आणि फ्रेंच किंवा लॅटिनमध्ये असेल, तर ती बहुधा मध्ययुगातली. आत, बोटाला टेकेल असा आणि इंग्रजीत असेल, तर साधारण सोळाव्या-सतराव्या शतकापासूनची. शोकाच्या अंगठ्या सगळ्यांत सोप्या: आत मृताचं नाव, तारीख आणि वय, बाहेर काळा मिना, जुन्यांवर कवटीसुद्धा. भट्टीत बनवलेला कृत्रिम माणिक बाजारात आला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. भिंगातून खड्याच्या आत वक्र रेषा (भट्टीतल्या माणकाची खूण) दिसल्या की ‘पणजीच्या पणजीची अंगठी’ ही कथा तिथेच संपते.

अक्षरं आणि चित्रं वाचूनही किती गाठता येतं, त्याचा दाखला म्हणजे मिडलहॅमचा दागिना. यॉर्कशरमधल्या मिडलहॅम किल्ल्याजवळ १९८५ मध्ये डिटेक्टरवाल्यांना तो सापडला. सोन्याचं चौकोनी लोलक, वर नीलम, एका अंगाला ख्रिस्तजन्म, दुसऱ्या अंगाला त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा). छाप नाही, साल नाही; कोरीवकामाच्या शैलीवरून तो पंधराव्या शतकातला ठरला. पुढे यॉर्कशर संग्रहालयाने त्यासाठी पंचवीस लाख पौंड मोजले.

वयावर कायदाही अडलेला असतो. इंग्लंड-वेल्समध्ये १९९६ च्या कायद्याने, तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू ‘ट्रेझर’ ठरते. चौदा दिवसांत कॉरोनरला (मृत्यूंची आणि अशा ऐवजांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावं लागतं. म्हणून १६९० ची शोक-अंगठी सरकारदरबारी जाते आणि १८९० ची सहसा जात नाही.

आपल्याकडे हॉलमार्क आला २००० साली, तोही वर्षाच्या अक्षरासकट. २०१७ पासून ते अक्षर गेलं. आता दागिन्यावर ९१६ सारखा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो. आणि जमिनीत काही सापडलंच, तर लागू होतो १८७८ चा निखात निधी कायदा: ऐवज दहा रुपयांच्या वरचा असला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. तेव्हा त्या दहा रुपयांना मोल होतं. आज तेवढ्यात सोनार तराजूसुद्धा हलवणार नाही.